नवा सिस्टिम कॉल जोडताना रॅपर कुठं चुकतो: एक्स८६-६४ आणि एआरएम६४ साठी पायरीपायरीनं

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरकडची इंजिनिअरिंगची अनेक मुलं ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टला ‘लिनक्स कर्नलमध्ये स्वतःचा सिस्टिम कॉल’ (प्रोग्रामनं कर्नलकडून काम करून घ्यायची ठरलेली वाट) हा विषय घेतात. मग एखादा दहा वर्षं जुना लेख सापडतो. त्यात सिस्टिम कॉलच्या टेबलाचा (कुठल्या क्रमांकाला कुठलं फंक्शन याची यादी) पत्ता शोधून त्यात आपलं फंक्शन घुसवायला सांगितलेलं असतं, आणि दोन रात्री वाया जातात. जुन्या पद्धतीत सिस्टिम कॉल हे साधं फंक्शन होतं, आर्ग्युमेंट्स थेट यायची. आता तसं नाही. एक्स८६-६४ आणि एआरएम६४ वर त्या त्या आर्किटेक्चरचा रॅपर, म्हणजे आर्ग्युमेंट्स घेऊन तुमच्या फंक्शनला देणारं मधलं फंक्शन, मध्ये उभा असतो, आणि तो तुम्ही हातानं लिहायचा नसतो. टाइप, टेबल आणि स्ट्रक्चर तुम्ही बरोबर द्यायचं, रॅपर मॅक्रो तयार करतो. चुका होतात त्या याच तीन जागी.

फाइलींची, फंक्शनांची आणि कमांडची नावं इथं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत टाइप करा. मॅक्रो आणि एरर कोड कॅपिटलमध्ये, बाकी बहुतेक सगळं स्मॉलमध्ये. अपवाद: मेकफाइलमधला पहिला एम, इमेज आणि बीझेडइमेज यांतला आय, मेकचा ओ= आणि __एनआर_ मधली दोन अक्षरं कॅपिटल; __एनआर_सिस्कॉल्समधलं सिस्कॉल्स मात्र स्मॉल. सगळा लेख कर्नल ६.१२ धरून आहे. ही नोव्हेंबर २०२४ ची दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे.

## आधी रॅपरचे तीन थर

मोंढ्यात सोयाबीनची गाडी आली की हमाल पोती उतरवतो, मापाडी काटा करतो आणि त्या वजनावर आडत्या पट्टी बनवतो. कर्नलमध्येही हाच क्रम आहे.

आपल्या उदाहरणातल्या कॉलचं नाव ‘नमुना’. हमाल म्हणजे बाहेरचा रॅपर. एक्स८६-६४ वर त्याचं नाव __एक्स६४_सिस_नमुना, एआरएम६४ वर __एआरएम६४_सिस_नमुना. त्याला एकच आर्ग्युमेंट मिळतं: पीटी_रेग्ज या स्ट्रक्चरचा पॉइंटर, म्हणजे युजर प्रोग्रामनं रजिस्टरांत जे जे ठेवलं त्याची जशीच्या तशी नोंद. त्यातून हवी तेवढीच रजिस्टरं हा थर उचलतो. तीन आर्ग्युमेंट्सचा कॉल असेल तर तीनच. उरलेल्या रजिस्टरांतला युजरचा कचरा पुढच्या फंक्शनांपर्यंत जातच नाही.

मापाडी म्हणजे __एसई_सिस_नमुना. त्याच्याकडं सगळं लाँग म्हणून येतं आणि तो ते तुम्ही सांगितलेल्या टाइपमध्ये बसवतो. रजिस्टर ६४ बिटांचं, इन्ट ३२ बिटांचा. वरच्या ३२ बिटांत युजर काहीही भरू शकतो. ते आधीच नीट भरलेले असतील असं काही आर्किटेक्चरवर कंपायलर गृहीत धरतो. सीव्हीई-२००९-००२९ हे सुरक्षेचं भोक नेमकं त्यातून पडलं होतं.

आडत्या म्हणजे __डू_सिस_नमुना. तुमचा कोड इथं असतो. तो मापाडीकडून आलेल्या टाइपवरच विसंबून राहतो.

## टप्पा १: तयारी

१. ८ जीबी रॅम असेल तर काम सुखानं होतं. ४ जीबीवरही होतं, पण मेकला दोनच जॉब द्या, नाहीतर लिंकिंगच्या वेळी मशीन स्वॅपमध्ये अडकतं. डिस्कवर २० जीबी मोकळी ठेवा.

२. सोर्स टारबॉलच घ्या. कर्नल डॉट ओआरजीवरची ६.१२ ची एक्सझेड फाइल १५० एमबीच्या आत आहे. पूर्ण गिट इतिहास काही जीबी जातो आणि हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा त्यातच संपतो. गिटच हवं असेल तर डेप्थ १ देऊन क्लोन करा.

३. पॅकेजेस: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएल्फ-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, एआरएम६४ चा क्रॉस कंपायलर आणि क्यूईएमयू हा आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम (एक्स८६ व एआरएम दोन्ही). ३२ बिटांच्या चाचणीसाठी जीसीसी-मल्टिलिबही लागतं. उबंटू-डेबियनच्या काही आवृत्त्यांत मल्टिलिब आणि क्रॉस कंपायलर एकमेकांना काढून टाकतात. ‘पुढील पॅकेजेस काढली जातील’ ही यादी न वाचता वाय दाबू नका.

४. सोर्सच्या बाहेर दोन बिल्ड फोल्डर करा, बिल्ड-एक्स८६ आणि बिल्ड-एआरएम, आणि मेकला ओ= देऊन ती दाखवा. एकदा चुकून सोर्स फोल्डरमध्येच मेक चालवलं तर पुढं ‘सोर्स ट्री स्वच्छ नाही’ असा एरर येतो. तेव्हा मेक एमआरप्रॉपर चालवा.

५. काहीही न बदलता कर्नल बिल्ड करा आणि क्यूईएमयूमध्ये चालवून बघा. एक्स८६ ला डेफकॉन्फिग आणि बीझेडइमेज, एआरएम६४ ला डेफकॉन्फिग आणि फक्त इमेज हे टार्गेट. एआरएम६४ च्या डेफकॉन्फिगमध्ये मॉड्यूलांचा डोंगर आहे, तो बिल्ड करत बसलात तर पूर्ण दिवस जाईल.

इशारा: बिल्ड चालू असताना लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसेल, तर काही ओ फाइली (कंपाइल झालेले तुकडे) शून्य बाइटच्या राहतात. मेकला त्या ‘झालेल्या’ वाटतात आणि लिंकिंगला विचित्र एरर येतात. लाइट आल्यावर आधी शून्य आकाराच्या ओ फाइली शोधून काढून टाका, मग मेक पुन्हा चालवा. पूर्ण क्लीन करायची गरज नाही.

तपासणी: न बदललेला कर्नल दोन्ही आर्किटेक्चरवर बूट होतो का? होत नसेल तर पुढं जाऊ नका. पुढची चूक तुमची की आधीपासूनची, हे नंतर कळणार नाही.

## टप्पा २: कागदावर सही करा

सिस्टिम कॉलची सही म्हणजे त्याची आर्ग्युमेंट्स आणि स्ट्रक्चर. ती एकदा ठरली की बदलता येत नाही असं समजूनच ठरवा. जास्तीत जास्त सहा आर्ग्युमेंट्स मिळतात. शेवटचं आर्ग्युमेंट फ्लॅग्ज ठेवा आणि अनोळखी बिट आला की ईइनव्हॅल (‘आर्ग्युमेंट चुकीचं’ हा एरर) परत करा. आज दुर्लक्ष केलेला बिट उद्या वापरता येत नाही, कारण कुणीतरी त्यात कचरा पाठवत असतोच.

खरा घोळ स्ट्रक्चरमध्ये होतो. समजा ‘प्रकार’ हा यू३२ आणि त्यानंतर ‘मोजमाप’ हा यू६४ असं लिहिलं. एक्स८६-६४ वर मोजमाप आठव्या बाइटला बसतं, एकूण आकार १६. आय३८६ वर, म्हणजे ३२ बिटांच्या एक्स८६ वर, यू६४ चार बाइटांवरही बसतो, त्यामुळं मोजमाप चौथ्या बाइटला आणि आकार १२. आता ३२ बिटांचा प्रोग्राम ६४ बिटांच्या कर्नलला हे स्ट्रक्चर देतो, आणि कर्नल चार बाइट पुढचं वाचतो. ३२ बिटांच्या एआरएमवर मात्र यू६४ आठवरच बसतो. म्हणून एआरएमवर चाचणी पास होते आणि एक्स८६ वर फसते. दोष शोधणारा रॅपरकडं संशयानं बघत बसतो, आणि रॅपर निर्दोष असतो.

उपाय सरळ आहे. रिकामी जागा कंपायलरवर सोडू नका, स्वतः भरा:

```
स्ट्रक्ट नमुना_माहिती {
    __यू३२ प्रकार;
    __यू३२ राखीव;
    __अलाइन्ड_यू६४ मोजमाप;
};
```

राखीव शून्य नसेल तर ईइनव्हॅल. स्ट्रक्चरमध्ये लाँग, साइझ_टी किंवा पॉइंटर टाकू नका, कारण त्यांचा आकार आर्किटेक्चरनुसार बदलतो.

## टप्पा ३: व्याख्या लिहा

कर्नल या फोल्डरमध्ये नमुना.सी फाइल करा. वर लिनक्स/सिस्कॉल्स.एच आणि लिनक्स/यूअ‍ॅक्सेस.एच ही हेडरं, मग वरचं स्ट्रक्चर, मग:

```
सिस्कॉल_डिफाइन३(नमुना, इन्ट, मोड,
        स्ट्रक्ट नमुना_माहिती __यूजर *, माहिती,
        अनसाइन्ड इन्ट, फ्लॅग्ज)
{
    स्ट्रक्ट नमुना_माहिती प्रत;

    इफ (फ्लॅग्ज)
        रिटर्न -ईइनव्हॅल;
    इफ (मोड != -१ && मोड != ०)
        रिटर्न -ईइनव्हॅल;
    इफ (कॉपी_फ्रॉम_यूजर(&प्रत, माहिती, साइझऑफ(प्रत)))
        रिटर्न -ईफॉल्ट;
    इफ (प्रत.राखीव)
        रिटर्न -ईइनव्हॅल;
    इफ (मोड == -१)
        रिटर्न ०;
    प्रत.मोजमाप *= २;
    इफ (कॉपी_टू_यूजर(माहिती, &प्रत, साइझऑफ(प्रत)))
        रिटर्न -ईफॉल्ट;
    रिटर्न ०;
}
```

मोड −१ म्हणजे फक्त तपासा, ० म्हणजे मोजमाप दुप्पट करून परत लिहा. उणे आकडा मुद्दाम घेतला आहे. मापाडीचं काम त्यानंच तपासता येतं.

इथल्या नेहमीच्या चुका:

- टाइप आणि नाव यांच्यामध्ये स्वल्पविराम लागतो. ‘इन्ट मोड’ नव्हे, ‘इन्ट, मोड’. मॅक्रोच्या नावातला ३ हा आर्ग्युमेंट्सचा आकडा आहे, स्वल्पविरामांचा नव्हे.
- नाव फक्त ‘नमुना’. ‘सिस_नमुना’ लिहिलं तर सिस दोनदा लागतं.
- कॉपी_फ्रॉम_यूजर एरर कोड देत नाही, किती बाइट कॉपी झाले नाहीत तो आकडा देतो. तोच थेट रिटर्न केला तर युजरला धन आकडा मिळतो आणि कॉल यशस्वी झाला असं त्याला वाटतं.
- माहिती या पॉइंटरमधून थेट वाचू नका. स्वतःच्या मशीनवर कधीकधी चालून जातं, पण ते बरोबर नाही.
- दुसरीकडून कर्नलच्या आतूनच सिस_नमुना बोलवू नका. रॅपर असलेल्या आर्किटेक्चरवर त्या नावाचं साधं फंक्शन उरतच नाही. आतला भाग दोघांना हवा असेल तर तो वेगळ्या साध्या फंक्शनमध्ये काढा आणि मॅक्रोमधून ते बोलवा.

त्याच फोल्डरच्या मेकफाइलमध्ये ओबीजे-वाय += नमुना.ओ ही ओळ जोडा.

तपासणी: पूर्ण कर्नल लगेच बिल्ड करू नका. मेकला कर्नल/नमुना.ओ एवढंच टार्गेट द्या. बरोबर चाललं तर थोड्या वेळात होतं. मग त्या ओ फाइलवर एनएम (फाइलमधल्या फंक्शनांची नावं दाखवणारी कमांड) चालवा. एक्स८६ च्या बिल्डमध्ये __एक्स६४_सिस_नमुना आणि __आयए३२_सिस_नमुना दिसले पाहिजेत, एआरएमच्या बिल्डमध्ये __एआरएम६४_सिस_नमुना. एसई आणि डू हे थर दिसले नाहीत तर घाबरू नका, कंपायलर ते बहुतेक वेळा बाहेरच्या रॅपरमध्येच मिसळून टाकतो. आयए३२ चं नाव गायब असेल तर कॉन्फिगमध्ये आयए३२ इम्युलेशन बंद आहे.

## टप्पा ४: टेबलात नोंद

६.१२ मध्ये शेवटचा वापरलेला क्रमांक ४६२ (एमसील). आपण ४६३ घेऊ.

१. आर्च/एक्स८६/एन्ट्री/सिस्कॉल्स मधली सिस्कॉल_६४.टीबीएल. ४६२ च्या लगेच खाली:

```
४६३   कॉमन   नमुना   सिस_नमुना
```

फाइलच्या तळाशी जाऊ नका. तिथं ५१२ ते ५४७ हे क्रमांक जुन्या एक्स३२ साठी आहेत, आणि त्याखाली ५४८ टाकायला सांगणारे लेख भरपूर आहेत. ५४८ चालतं, पण मग बाकी आर्किटेक्चरशी क्रमांक जुळत नाही. ४२४ पासून पुढचे क्रमांक जवळजवळ सगळ्या आर्किटेक्चरवर एकच ठेवतात, अल्फा तेवढा वेगळा.

२. त्याच फोल्डरमधली सिस्कॉल_३२.टीबीएल. इथं दुसऱ्या रकान्यात कॉमन नव्हे, आय३८६.

३. एआरएम६४ आणि आरआयएससी-व्हीसाठी स्क्रिप्ट्स/सिस्कॉल.टीबीएल. ३२ बिटांच्या प्रोग्रामसाठी आर्च/एआरएम६४/टूल्स मधली सिस्कॉल_३२.टीबीएल.

शेवटच्या रकान्यात सिस_नमुना एवढंच. ४.१७ नंतरच्या काही आवृत्त्यांत टेबलात __एक्स६४_ हे पूर्वपद हातानं लिहावं लागायचं. आता ते बिल्डच जोडतं. तुम्हीही जोडलंत तर लिंकर __एक्स६४___एक्स६४_सिस_नमुना शोधत फिरतो, आणि तो एरर सगळं कंपाइल होऊन गेल्यावर, अगदी शेवटी येतो.

६.११ च्या आधीचा कर्नल असेल तर एआरएम६४ ची नोंद इन्क्लूड/यूएपीआय/एएसएम-जेनेरिक/युनिस्टडी.एच मध्ये जाते, आणि तिथं __एनआर_सिस्कॉल्स हा आकडा एकनं वाढवावा लागतो. तो विसरला की ‘अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर’ असा कंपाइल एरर येतो. ६.१२ मध्येही या फाइलीत नोंद ठेवायची रीत आहे.

इशारा: मॉड्यूलमधून सिस_कॉल_टेबल बदलायची युक्ती सोडून द्या. २०२४ मध्ये ब्रांच हिस्टरी इंजेक्शन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या दोषावरचा उपाय आल्यापासून एक्स८६-६४ वर कॉल टेबलातून न जाता स्विचमधून जातो. टेबल बदललं तरी कर्नल त्याकडं बघत नाही. टेबलाचा पत्ता शोधून देणारं फंक्शनही ५.७ पासून मॉड्यूलला उघडं नाही.

## टप्पा ५: कॉम्पॅट लागतो का?

कॉम्पॅट म्हणजे ३२ बिटांच्या प्रोग्रामसाठी ६४ बिटांच्या कर्नलमधला वेगळा रॅपर. आपल्या नमुन्याला तो लागत नाही, कारण स्ट्रक्चर दोन्हीकडं सारखंच बसतं. पॉइंटर थेट आर्ग्युमेंट म्हणून असेल तरी लागत नाही. लागतो तो दोन ठिकाणी: स्ट्रक्चरच्या आत पॉइंटर किंवा लाँग असेल तेव्हा, आणि ६४ बिटांचा आकडा थेट आर्ग्युमेंट म्हणून असेल तेव्हा.

दुसऱ्या प्रकाराचा त्रास जास्त. ३२ बिटांवर तो आकडा दोन रजिस्टरांत विभागून येतो. एआरएमवर ही जोडी सम क्रमांकाच्या रजिस्टरपासूनच सुरू होते. पहिलं आर्ग्युमेंट इन्ट आणि दुसरं यू६४ असेल तर आर० नंतर आर१ रिकामं जातं आणि आकडा आर२-आर३ मध्ये येतो. आय३८६ वर असं काही नाही. म्हणजे एकाच कॉलला दोन वेगळे कॉम्पॅट रॅपर. हे टाळायचं असेल तर ६४ बिटांचा आकडा स्ट्रक्चरमध्ये टाकून पॉइंटरनं पाठवा.

लागलाच तर कॉम्पॅट_सिस्कॉल_डिफाइन वापरा, आतल्या पॉइंटरांवर कॉम्पॅट_पीटीआर लावा आणि ३२ बिटांच्या टेबलात पाचव्या रकान्यात कॉम्पॅट_सिस_नमुना लिहा. रकाना रिकामा राहिला तर एररही येत नाही, वॉर्निंगही नाही. कर्नल गुपचूप साधा रॅपर लावतो.

## टप्पा ६: युजर बाजूचा रॅपर

चाचणीला लिबसीचं सिस्कॉल() पुरेसं आहे. असेम्ब्लीत लिहायचं असेल तर:

| आर्किटेक्चर | सूचना | क्रमांक | आर्ग्युमेंट्स | उत्तर |
|---|---|---|---|---|
| एक्स८६-६४ | सिस्कॉल | आरएएक्स | आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आर१०, आर८, आर९ | आरएएक्स |
| आय३८६ | इन्ट ०एक्स८० | ईएएक्स | ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स, ईएसआय, ईडीआय, ईबीपी | ईएएक्स |
| एआरएम६४ | एसव्हीसी #० | एक्स८ | एक्स० ते एक्स५ | एक्स० |
| आरआयएससी-व्ही | ईकॉल | ए७ | ए० ते ए५ | ए० |

एक्स८६-६४ वर चौथं आर्ग्युमेंट आरसीएक्समध्ये नाही, आर१० मध्ये जातं. सिस्कॉल ही सूचना परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि फ्लॅग रजिस्टर आर११ मध्ये लिहून टाकते. म्हणून क्लॉबर यादीत (सूचनेनं काय काय बदलतं हे कंपायलरला सांगणारी यादी) आरसीएक्स, आर११ आणि मेमरी तिन्ही द्या. मेमरी विसरलात तर ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर मोजमाप जुनंच दिसतं, आणि मुलं कॉपी_टू_यूजरला दोष देत बसतात.

६४ बिटांच्या प्रोग्राममधून इन्ट ०एक्स८० वापरू नका. त्यात आय३८६ चं टेबल लागतं आणि पॉइंटर ३२ बिटांपर्यंत कापला जातो. राइटचा क्रमांक एक्स८६-६४ वर १, आय३८६ वर ४, एआरएम६४ वर ६४. एकाचा आकडा दुसरीकडं चालत नाही.

कच्चं उत्तर −४०९५ ते −१ या पट्ट्यात असेल तरच चूक. नुसतं ‘शून्याहून कमी’ तपासू नका.

## टप्पा ७: चालवून बघा

चाचणी प्रोग्राम स्टॅटिक कंपाइल करा, त्याचं नाव इनिट ठेवा, न्यूसी फॉरमॅटमध्ये सीपीआयओ करून जीझिप करा आणि क्यूईएमयूला इनिटआरडी म्हणून द्या. कन्सोल एक्स८६ ला टीटीवायएस०, एआरएमच्या व्हर्ट मशीनला टीटीवायएएमए०. कन्सोल चुकलं तर कर्नल चालतो, स्क्रीन मात्र कोरी. प्रोग्रामच्या शेवटी पॉज() चं अनंत चक्र ठेवा. इनिट संपला की कर्नल पॅनिक होतो आणि तो तुमच्या कॉलचा दोष वाटतो.

| पाठवा | यायला हवं |
|---|---|
| मोड ०, मोजमाप २१ | ०, मोजमाप ४२ |
| मोड ०एक्स५एफएफएफएफएफएफएफएफ | ० |
| फ्लॅग्ज १ | −२२ |
| राखीव ७ | −२२ |
| पॉइंटरचा पत्ता १ | −१४ |
| क्रमांक ५०० | −३८ |

−२२ म्हणजे ईइनव्हॅल, −१४ म्हणजे ईफॉल्ट (पत्ता चुकीचा), −३८ म्हणजे असा कॉलच नाही. लिबसीतून गेलात तर उत्तर −१ येईल आणि आकडा एररनोमध्ये, उणे चिन्हाशिवाय.

दुसरी ओळ सोडू नका. तिथं खालचे ३२ बिट −१ आहेत आणि वर ५ हा कचरा आहे. मापाडी नीट काम करत असेल तर तो कचरा झडतो. −२२ आलं तर कुणीतरी मॅक्रो टाळून हातानं रॅपर लिहिला आहे, किंवा मोडचा टाइप लाँग केला आहे. ही ओळ फक्त ६४ बिटांच्या प्रोग्राममध्ये चालवा. बाकीच्या ओळी एम३२ देऊन कंपाइल केलेल्या प्रोग्राममधूनही चालवा, टप्पा २ मधली चूक तिथंच उघडी पडते.

पहिल्याच ओळीला −३८ आलं तर बहुतेक वेळा क्यूईएमयू जुनी इमेज उचलत असतो. इमेज फाइलची वेळ बघा. ती बरोबर असेल तर चुकीच्या टेबलात नोंद झाली आहे. एसट्रेस (प्रोग्रामनं केलेले सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) हा कॉल सिस्कॉल_०एक्स१सीएफ असा दाखवेल. ०एक्स१सीएफ म्हणजेच ४६३. एसट्रेसला नाव माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ.

हाच पॅच पुढं ६.१३ वर न्यायचा असेल तर क्रमांक बदलावा लागेल. तिथं ४६३ ते ४६६ एक्सअ‍ॅट्रच्या नव्या कॉलांनी घेतले आहेत. चारही टेबलं, युजर बाजूचा आकडा आणि जुने कंपाइल केलेले चाचणी प्रोग्राम, सगळं एकाच वेळी बदला. जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर चालवला तर −३८ येणार नाही. तो चुकून दुसराच कॉल बोलवेल.